सील किट दोनदा बदललं, तरी टेलिहँडलरचा बूम बसतोय? आधी तेल कुठून जातंय ते बघा

टेलिहँडलर म्हणजे लांब होणाऱ्या हातानं, म्हणजे बूमनं, माल उंचावर नेणारी गाडी. वजन घेऊन बूम वर नेला आणि लिव्हर सोडला, की तो जिथल्या तिथं उभा राहायला हवा. आमचा राहत नव्हता, आपोआप खाली यायचा, म्हणजे 'बसायचा'. गर्डरचं भोक कॉलमच्या भोकासमोर आणून ठेवायचं, आणि परांचीवरचा पोरगा बोल्ट उचलेपर्यंत ते बोटभर खाली गेलेलं असायचं. दीड महिना हा खेळ चालला. त्यात दोन सील किटं गेली, चार दिवस काम बंद राहिलं, आणि शेवटी हाती लागला तिळाएवढा रबराचा तुकडा. गंमत अशी की तो काढल्यावरही अकराव्या दिवशी बूम पुन्हा बसायला लागला. हे सगळं लिहून ठेवतोय ते या अकरा दिवसांसाठी. कारण 'साफ केलं, बरं झालं, परत तेच' या चक्रात अडकलेले माझ्या ओळखीतच चौघं आहेत.

गाडीची कंपनी सांगत नाही. दोष कंपनीचा नव्हताच, तो मुख्यतः माझा होता.

आमच्याकडं दोन टेलिहँडलर आहेत, दोन्ही भाड्यानं चालतात. शेड कुपवाडला. ही गाडी तीन टनी. ती तासगावजवळ बेदाण्याच्या शीतगृहाच्या कामावर होती. बेदाण्याचा माल फेब्रुवारीपासून तयार व्हायला लागतो, त्यामुळं मालकाला निदान दोन चेंबर तरी लवकर उभे हवे होते. गाडीला कामं तीन: जिब (बूमच्या टोकाला लावायचा हुकाचा हात) लावून गर्डर उचलून धरणं, पफ पॅनलचे (शीतगृहाच्या भिंतींच्या फोम भरलेल्या पत्र्यांचे) गठ्ठे परांचीच्या उंचीला नेणं, आणि उरलेल्या वेळात सिमेंटच्या पोत्यांचे पॅलेट इकडून तिकडं. आपल्याकडं जेसीबी म्हटलं की पुढं बकेट आणि मागं खोदायचा हात असलेलं यंत्र डोळ्यापुढं येतं. जेसीबी कंपनीनं टेलिहँडलरही १९७७ सालीच काढला, पण आपल्या साइटवर तो अजून नवखा आहे. तासगावच्या पोरांनी त्याचं नाव 'लांब हात' ठेवलं होतं.

आमचा ऑपरेटर जतकडचा. वयानं मोठा, सगळे त्याला मामा म्हणतात. पहिली तक्रार त्यानंच आणली, पण ती बूम बसतोय अशी नव्हती. "आण्णा, भोंगा उगाच वाजतोय बघा. मी काय लिव्हरला हात लावला न्हाई." मी सेन्सरवर संशय घेतला. या गाड्यांत मागच्या ॲक्सलवर किती भार उरलाय ते मोजणारा सेन्सर असतो. पुढचं वजन जड झालं की मागचा ॲक्सल हलका होतो, आणि गाडी नाकावर येण्याआधी भोंगा वाजतो. मी कनेक्टर काढून पुसला, तारा बघितल्या, काही सापडलं नाही. डोक्यात यायला हवं होतं ते आलं नाही: साठ अंशावर धरलेला बूम जसजसा खाली येतो, तसतसं वजन गाडीपासून लांब सरकतं. वजन तेवढंच, पण ओढ वाढते. भोंगा खरं बोलत होता. बूम बसत होता, म्हणूनच लिव्हरला हात न लावता तो वाजत होता.

तुमच्याकडंही एका जागी उभ्या गाडीचा भोंगा थोड्या वेळानं आपोआप सुरू होत असेल, तर सेन्सरला शिव्या घालण्याआधी जॅकच्या, म्हणजे बूम उचलणाऱ्या तेलाच्या सिलिंडरच्या, रॉडवर पेननं एक रेघ ओढा आणि दहा मिनिटं थांबा.

मिस्त्री म्हणाला, सील

गावठी नियम ठरलेला आहे: जॅक बसतोय म्हणजे सील, पिस्टनभोवतीची तेल अडवणारी कडी, गेलं. मिस्त्री आला, बूम लाकडावर टेकवला, लिफ्ट जॅकचं तोंड उघडून रॉड-पिस्टन बाहेर ओढलं, नवं सील घातलं, परत बसवलं. बॅरल, म्हणजे जॅकचं बाहेरचं नळकांडं, गाडीवरच. दोन-तीन दिवस सगळ्यांना वाटलं सुधारलंय. मग मामा म्हणाला, "बसतोय की." मिस्त्री म्हणाला किट हलकं होतं, कंपनीचं आणा. कंपनीचं आणलं. पुन्हा उघडलं, पुन्हा घातलं. पुन्हा बसला.

इथं माझ्या दोन चुका. पहिलं किट घालण्याआधी मी काही मोजलंच नव्हतं. किती मिनिटांत किती बसतो याचा आकडा नसल्यामुळं 'सुधारलंय' हे सगळं अंदाजपंचे. दुसरी चूक त्याहून मोठी: काढलेलं जुनं सील मी हातात घेऊन बघितलं नाही. मामानं ते केबिनमध्ये खिळ्याला अडकवून ठेवलं होतं, कशाला ते त्यालाच ठाऊक. नंतर बघितलं तर ओठ धडधाकट, कुठं चीर नाही, कुठं तुकडा गेलेला नाही. निरोगी माणसाचं आपण दोनदा ऑपरेशन केलं होतं.

जुनं सील टाकू नका. फाटलेलं असेल तर तुकडे कागदावर ठेवून गोल पूर्ण होतो का ते जुळवा. जो तुकडा कमी भरेल तो तेलात कुठंतरी फिरतोय, आणि पुढचा त्रास तोच देणार.

नुसत्या सीलनं बूम खाली येत नाही

हे मला कोणी आधी समजावलं असतं तर दुसरं किट वाचलं असतं. जॅकमध्ये पिस्टनच्या खाली तेल, वर तेल. वरच्या बाजूला रॉडही आहे, म्हणून तिथं तेलाला जागा कमी. समजा पिस्टनचं सील पूर्ण गेलं. खालचं तेल वर जाऊ शकेल. पण रॉड आत सरकायचा म्हणजे रॉड जेवढी जागा व्यापणार तेवढं तेल जॅकच्या बाहेर गेलंच पाहिजे. दोन्ही नळ्या गच्च बंद असतील तर ते जाणार कुठं? बूम किंचित दबेल, आतला दाब वाढेल आणि थांबेल.

आमच्या जॅकचं माप घेऊन सांगतो. बॅरल आतून १४० मिलिमीटर, रॉड ८० मिलिमीटर. पिस्टनचं पूर्ण क्षेत्रफळ साधारण १५४ चौरस सेंटिमीटर, रॉडचं ५०. सील नसेल तर तेच वजन फक्त रॉडच्या ५० वर पेलावं लागतं, म्हणून दाब तिप्पट होतो. शंभर बारवर (बार म्हणजे दाबाचं माप) उभा असलेला जॅक तीनशेवर जातो. एवढ्या दाबाला वरच्या नळीतून मेन व्हॉल्व्हच्या स्पूलमधून (लिव्हरनं सरकून तेलाची वाट उघडणारा दांडा) तेल झिरपतं, किंवा एखादा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो, आणि मग बूम बसतो. म्हणजे सीलचा दोष असू शकतो, नाही असं नाही, पण त्याला एक साथीदार लागतो. प्रश्न नेहमी हाच: तेल जॅकच्या बाहेर कुठल्या दारानं गेलं?

दारं दोन. वरचं, रॉडकडचं, ते नळीनं थेट मेन व्हॉल्व्हला जातं. खालचं, बुडाकडचं, त्याच्या तोंडावर वजन धरून ठेवणारा व्हॉल्व्ह बसवलेला असतो. त्याला काउंटरबॅलन्स व्हॉल्व्ह म्हणतात, आपल्याकडं 'लॉक व्हॉल्व्ह' म्हणूनही ओळखतात. बूम वर नेताना तो तेलाला आत येऊ देतो, पण बाहेर सोडत नाही. बूम खाली आणायचा असेल तेव्हा वरच्या नळीत दाब येतो, तो दाब एका बारीक वाटेनं येऊन या व्हॉल्व्हला ढकलतो, मगच खालचं तेल सुटतं. होज, म्हणजे तेलाची रबरी नळी, फुटली तरी बूम धाडकन कोसळत नाही तो याच्यामुळं. म्हणूनच तो जॅकच्या अंगाला चिकटून असतो, मध्ये होज नसते.

तपासणी

आधी एक गोष्ट बाजूला काढा, नाहीतर सगळी तपासणी फसते. संध्याकाळी वर ठेवलेला बूम सकाळी खाली आलेला दिसला म्हणून घाबरू नका. हायड्रॉलिक तेल दर अंशाला साधारण दहा हजारात सात भाग आकसतं. दिवसभर राबलेलं तेल ६५ अंशांवर असेल आणि पहाटे २५ वर आलं, तर ४० अंशांचा फरक म्हणजे जवळजवळ पावणेतीन टक्के. जॅकमध्ये ७०० मिलिमीटर उंचीचं तेल असेल तर रॉड वीस मिलिमीटर आत येणार, कुठंही गळती नसताना. आणि जॅक बूमला पायाजवळ जोडलेला असल्यामुळं टोकाला तोच फरक सहापट, बूम लांब केला असेल तर दहापटही दिसतो. म्हणजे टोक वीतभर खाली. आमच्या भागात हिवाळ्यात हे हमखास होतं, आणि त्यावर किट विकणारेही हमखास भेटतात. तसाही रात्री बूम वर ठेवून जाण्यात अर्थ नाही, फोर्क जमिनीला टेकवूनच गाडी सोडायची.

तेव्हा मोजायचं ते गरम तेलावर आणि थोड्या वेळापुरतं. अर्धा तास काम करून घ्या. सपाट जागा, बूम पूर्ण आत घेतलेला, फोर्क रिकामे किंवा एखादं माहितीतलं हलकं वजन. आजूबाजूला दोरी बांधा, बूमखाली कोणी जाणार नाही. जॅकच्या रॉडवर बसवायचा लोखंडी सेफ्टी सपोर्ट गाडीसोबत येतो. बऱ्याच साइटवर तो गंजत पडलेला असतो किंवा कोणीतरी पहार म्हणून वापरतो. तो रॉडवर लावा, आणि बूम इतका खाली आणा की सपोर्टला टेकायला इंचभर फट उरेल. म्हणजे काही बिघडलं तरी रॉड इंचापलीकडं आत येणार नाही. सपोर्ट नसेल तर पुढचं काहीच करू नका.

रॉडवर पेननं रेघ. खिळ्यानं नको, ओरखडा पडला तर तोच उद्या सील खाणार. इंजिन बंद, घड्याळ लावा, दहा मिनिटांनी पट्टीनं मोजा. चांगल्या गाडीत किती चालतं ते त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. आमचं माप १८ मिलिमीटर आलं, त्यामुळं मॅन्युअल उघडायची गरजच पडली नाही.

मग हेच इंजिन चालू ठेवून करा आणि मधूनच दुसरं काहीतरी हलवा, फोर्क वाकवा, स्टिअरिंग फिरवा. इंजिन बंद असताना बूम गप्प, पण दुसरा लिव्हर हलवला की बसतो, असं असेल तर रोख मेन व्हॉल्व्हकडं जातो. स्पूलमधून झिरपलेला दाब वरच्या नळीत शिरतो आणि लॉक व्हॉल्व्हला 'उघड' असा खोटा निरोप देतो. व्हॉल्व्ह बिचारा सांगितलेलं काम करतो. स्पूल पूर्ण मधोमध परत येत नसेल, लिव्हरच्या खालची स्प्रिंग थकली असेल किंवा रबरी बूटमध्ये सिमेंट जाऊन बसलं असेल, तरी हीच लक्षणं दिसतात. आमची गाडी इंजिन बंद असतानाही तेवढीच बसत होती, म्हणून हा फाटा सुटला.

आता खरी परीक्षा. इंजिन बंद, सपोर्ट जागेवर, लिव्हर दोन्हीकडं हलवून नळीतला उरलेला दाब सोडा. ज्या गाडीत लिव्हर विजेवर चालतो तिथं किल्ली चालू ठेवून हलवावा लागतो. मग रॉडकडची होज हळूहळू सैल करा, एकदम नाही. ती काढून होजचं तोंड बुच लावून बंद करा आणि जॅकचं पोर्ट, म्हणजे होज जोडायचं भोक, उघडं ठेवा. सुरुवातीला साचलेलं थोडं तेल येईल, ते जाऊ द्या. त्यानंतर खाली स्वच्छ पेला धरा.

हिशेब सोपा आहे. दोष सीलचा असेल तर रॉड १८ मिलिमीटर आत येताना त्याच्या ५० चौरस सेंटिमीटरच्या मानानं नव्वद मिलिलीटर तेल या पोर्टमधून यायला हवं, म्हणजे एक चहाचा कप. कप भरला तर सील. बूम बसतोय पण पोर्ट कोरडंच आहे, उलट ते हवा आत ओढतंय, तर तेल खालच्या दारानं चाललंय.

आमच्या पेल्यात दहा मिनिटांत चार थेंब पडले. रॉड तेवढाच आत आलेला, १७ मिलिमीटर. मामा पेल्यात डोकावून म्हणाला, "मग दोनदा काय बदललं मिस्त्रीनं?" माझ्याकडं उत्तर नव्हतं.

हे करताना दोन गोष्टी करू नका. बारीक फवारा कुठून येतोय ते हात फिरवून शोधू नका, दाबाचं तेल कातडीतून आत शिरतं, वरून सुईएवढी जखम दिसते आणि आतून हात जातो. पुठ्ठा फिरवा. आणि लॉक व्हॉल्व्हच्या डोक्यावरचा स्क्रू 'जरा घट्ट करून बघू' म्हणून फिरवू नका. काही बनावटींत तो घड्याळाच्या दिशेनं आत फिरवला की सेटिंग वाढत नाही, कमी होतं, आणि वजन सुटतं. घट्ट करायला जाल आणि बूम अंगावर घ्याल.

तिळाएवढा तुकडा, आणि अकरा दिवस

बूम पूर्ण खाली, फोर्क जमिनीवर, दाब सोडून मग व्हॉल्व्हचं कार्ट्रिज (आतला काढता येणारा भाग) काढलं. जिथं ते बसून तेल अडवतं त्या कडेवर काळा रबराचा कण चिकटलेला होता, आणि शेजारी एक चकाकणारी लोखंडी चूर. या कडा इतक्या नेमक्या घासलेल्या असतात की केसाच्या जाडीचा कणही मध्ये आला तरी दार फटीत राहतं. धुतलं, ओ-रिंगा बदलल्या, बसवलं. दहा मिनिटांत दीड मिलिमीटर. मी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते.

अकराव्या दिवशी माप १२ आलं. उघडलं तर तसाच कण, या वेळी लोखंडी, आणि कडेवर त्याची बारीक खूण उमटलेली. खूण पडली की धुवून उपयोग नाही, कार्ट्रिज बदलावंच लागतं. पण नवं घालून परत अकरा दिवसांनी हेच व्हायचं असेल तर काय?

मग मागं जाऊन आठवायला बसलो. पहिली तक्रार यायच्या साधारण आठवडाभर आधी लिफ्ट जॅकची होज फुटली होती. गर्डर अर्धवट उभे, माणसं बसून, म्हणून रस्त्यावरच्या एका दुकानात ताबडतोब होज बनवून घेतली. त्यानं अपघर्षक चकतीनं होज कापली, ठिणग्या उडाल्या, टोकांना फिटिंग दाबली, हातात दिली. मी शेजारी चहा पीत उभा होतो. होजच्या आत फुंकरसुद्धा मारली नाही, त्यानंही नाही, मीही नाही. चकतीनं कापताना आतल्या रबराचा भुगा आणि मधल्या तारेची चूर आत उडते, आणि तेलानं ओलसर असलेल्या भिंतीला चिकटून बसते. ती होज लावून आम्ही पहिल्यांदा बूम उचलला तेव्हा तो सगळा भुगा लॉक व्हॉल्व्हमधून जॅकच्या पोटात गेला.

तेल टाकीत परत जाताना फिल्टरमधून जातं, मग हा भुगा एव्हाना फिल्टरमध्ये अडकायला हवा होता, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणालो. पण लिफ्ट जॅक गाडीवर कसा बसतो ते बघा: बूड खाली, रॉड वर. लोखंडाची चूर तेलापेक्षा जड, ती बुडाशी जाऊन बसते. बूम पूर्ण खाली आला तरी पिस्टन आणि बूड यांच्यामध्ये थोडी जागा उरते, आणि तिथलं तेल नीट हलत नाही. विहिरीच्या तळाशी गाळ राहावा तसा हा भुगा तिथं राहिला. रोज थोडा ढवळला जाऊन एखादा कण वर येणार, आणि बाहेर पडताना पहिलं दार लागतं ते लॉक व्हॉल्व्हचं.

आणि आमच्या मिस्त्रीनं दोन्ही वेळा रॉड-पिस्टन बाहेर काढलं होतं, बॅरल मात्र गाडीवरच. तळ कोणी पुसलाच नाही. उलट दोन्ही वेळा भर दुपारी, मुरुमाच्या धुळीत, उघड्या जॅकच्या तोंडावर फडकं टाकून तो किट आणायला गेला होता.

या वेळी जॅक पूर्ण उतरवून कुपवाडला शेडमध्ये नेला. बॅरल उभं करून तळाचं तेल ट्रेमध्ये ओतलं. शेवटचा पेलाभर काळा, हाताला रव्यासारखा लागणारा. चुंबक फिरवलं तर निम्मा त्याला चिकटला. डिझेलनं दोनदा धुतलं, हवेनं वाळवलं, स्वच्छ कापडानं पुसलं. कॉटन वेस्ट वापरू नका, त्याचे धागे सुटतात आणि आपणच नवा कचरा भरतो. जॅकच्या दोन्ही होज काढून त्यांतून हवेच्या दाबानं फोमची गोळी मारली. पहिली गोळी काळी निघाली, तिसरी पांढरी. गोळीची बंदूक नवीन काही नाही, होज बनवणाऱ्या चांगल्या दुकानात असते, फक्त मागावी लागते. आता मी होज घेताना दोन अटी घालतो: समोर गोळी मार, आणि दोन्ही टोकांना टोपण लावून दे. पहिल्या अटीवर एक दुकानदार हसला. त्याच्याकडून घेतली नाही.

कार्ट्रिज नवं घातलं, परतीचा फिल्टर बदलला. जॅक उघडलाच होता म्हणून सीलही घातलं, तिसऱ्यांदा, पण या वेळी कारण माहीत असताना. जोडल्यावर रिकाम्या फोर्कनं जॅक सावकाश पूर्ण वर-खाली पाचसहा वेळा केला, आतली हवा निघून जाण्यासाठी. दोन दिवस चालवून फिल्टर परत काढून कापून बघितला, त्यात थोडी चूर होती, म्हणून आणखी एक बदलला. फिल्टरवर हात आखडणाऱ्यानं कार्ट्रिजची किंमत विचारून यावं.

सगळं झाल्यावर टाकीवर चढलो तर तिसरीच गोष्ट दिसली. ब्रीदरची टोपी गायब, तिथं फडकं गुंडाळून रबर लावलेलं. बूम वर जाताना टाकीतलं तेल कमी होतं आणि तेवढी हवा या वाटेनं आत येते. आमच्या जॅकसाठी दर खेपेला काही लिटर. सिमेंटच्या पोत्यांशेजारी दिवसभर उभ्या गाडीत फडक्यातून काय काय आत गेलं असेल ते सांगायला नको. टोपी कधी गेली हे मामालाही सांगता आलं नाही, मलाही नाही.

बूम नाही, दुसरंच काही बसत असेल तर

थोडक्यात सांगतो, कारण यातलं सगळं माझ्या हातून झालेलं नाही. बूम खूप उभा केल्यावर तो आपोआप आत सरकत असेल, लांबी कमी होत असेल, तर लांबीच्या जॅकचा लॉक व्हॉल्व्ह बघा. परीक्षा तीच, पण हा जॅक बूमच्या पोटात असतो आणि कित्येक गाड्यांत आतल्या सरकत्या भागांना साखळ्या असतात, तिथं कामगार हात घालत असेल तर आधी बूम आडवा करून पूर्ण आत घ्या.

फोर्कचं नाक हळूहळू खाली झुकत असेल, बूम मात्र जागेवर असेल, तर प्रकरण जरा गुंतागुंतीचं. टेलिहँडलरमध्ये बूम वर जाताना फोर्क सपाट राहावेत म्हणून बूमच्या पायाशी एक जोडजॅक असतो. बूम उचलला की तो ताणला जातो आणि त्याचं तेल पुढच्या फोर्कच्या जॅकमध्ये ढकललं जातं. दोघांचं तेल एकमेकांत बांधलेलं. म्हणून फोर्क झुकण्याचा दोष पुढच्या जॅकमध्ये असेल किंवा मागच्या जोडजॅकमध्येही. उभ्या गाडीत झुकत नाही, पण बूम वर-खाली करताना पॅलेट तिरका होतो, तर आधी मागचा तपासा. पुढचा जॅक डोळ्यासमोर असतो म्हणून सगळे पहिल्यांदा तोच सोडवतात.

बोल्ट लागेपर्यंत गर्डर बूमवर धरून ठेवायची आमची पद्धतही या प्रकारानंतर बदलली. आता गर्डरच्या दोन्ही टोकांना आधी तात्पुरता आधार, मग बोल्ट. मामा म्हणतो याला वेळ लागतो. लागतो.

त्या गाडीचं माप आता दहा मिनिटांना एक मिलिमीटर आहे, दर पंधरवड्याला मामा घेतो आणि केबिनच्या दाराच्या आत खडूनं तारखेसह लिहितो. तेच बघून मागच्या आठवड्यात दुसरी गाडीही मोजली. तिची कसलीच तक्रार नव्हती, ऑपरेटर म्हणाला झकास आहे. माप सात मिलिमीटर आलं. होज काढून पोर्टखाली पेला धरला, तर थेंब थांबेनात, दहा मिनिटांत पस्तीसेक मिलिलीटर. म्हणजे हिचं खरोखरच सील गेलंय. किट मागवलंय, आणि जॅक या वेळी उतरवूनच उघडणार आहे.